शाळा उघडण्यापूर्वीं

मृगाचा पाऊस आणि शाळेची यादी हीं दोन्ही साधारण एकाच सुमारास घरांत येतात. महाराष्ट्रांतील बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात; विदर्भांत उन्हाच्या तापामुळें कांहीं दिवस उशीर होतो, एवढाच काय तो फरक. खरेदीची घाई मात्र सर्वत्र सारखीच. शाळा उघडण्यापूर्वींच्या रविवारीं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत एखाद्या दुकानापुढें उभें राहून पाहावें. पालक यादी पुढें करतो, दुकानदार तींतील सगळा माल बांधून देतो, आणि घरच्या कपाटांत काय पडलें आहे हा प्रश्न दोघांपैकीं कोणालाच पडत नाहीं.

तेथीलच एका मध्यम स्थितींतील कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. मुलगी दहावींत आणि तिचा धाकटा भाऊ नववींत जावयाचा होता. वडील यादी घेऊन निघाले, तों आईनें त्यांना थांबविलें आणि दोन्ही मुलांना गेल्या वर्षाचीं दप्तरें जमिनीवर रिकामीं करावयास सांगितलें. सात अर्धवट वह्या, पांच पट्ट्या, एक धड कंपासपेटी, आणि पेन्सिलींचे तुकडे तर मोजण्यापलीकडचे! वह्यांतील कोरीं पानें काढून व दाभणानें शिवून तिनें तीन जाड कच्च्या वह्या केल्या. यादींतील बराच मजकूर तेथेंच खोडला गेला.

खरा वाद झाला तो पुस्तकांवरून. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकें मोफत मिळतात. नववीपासून तीं विकत घ्यावीं लागतात. बहिणीचीं नववीचीं पुस्तकें घरांत असतां भावासाठीं नवा संच कशाला, असें आईचें म्हणणें. वडील मात्र हट्टास पेटले. ते शाळेंत असतां चुलत भावाचें गणिताचें पुस्तक वापरीत. त्याचीं शेवटचीं दोन प्रकरणें गळालेलीं होतीं, आणि तीं प्रकरणें शिकविलीं जात त्या दिवसांत त्यांना वर्गांत उभें राहावें लागे. आपल्या मुलावर ती पाळी येऊं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें, आणि त्याला उत्तर देणें सोपें नव्हतें.

आईनें उत्तर दिलेंहि नाहीं. रात्रीं बसून तिनें प्रत्येक पुस्तक पानागणिक तपासलें. भूगोलाचीं तीन पानें फाटलीं होतीं. १९६७ मध्यें पुण्यांत स्थापन झालेल्या बालभारतीचीं पुस्तकें तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतात. तीं तीन पानें तेथून छापून आणून चिकटविलीं. नंतर तिनें शाळेंत जाऊन शिक्षकांना विचारलें कीं, नववीचा अभ्यासक्रम बदलला आहे काय? ही चौकशी कोणीहि टाळूं नये. २०२५ मध्यें पहिलीपासून नवीं पुस्तकें येण्यास प्रारंभ झाला, आणि बदललेल्या इयत्तेचें जुनें पुस्तक जपून ठेवलें तरी तें रद्दीच. सुदैवानें त्या वर्षीं नववीचीं पुस्तकें तींच होतीं. वडिलांनीं पुन्हां एकदां गणिताचीं शेवटचीं पानें स्वतः उलटून पाहिलीं, तेव्हां कोठें त्यांचें समाधान झालें.

उरलेल्या वह्यांचा प्रश्न थोडक्यांत सुटला. वेष्टनावरील चित्र न पाहतां पानें मोजून भाव लावावा, आणि शेजारच्या दोन घरांनीं मिळून डझनानें घ्याव्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरील वस्तु व सेवा कर शून्य झाला आहे, हेंहि किंमत पाहतांना ध्यानांत असावें.

मात्र काटकसरीलाहि मर्यादा असते. गणवेश वाढत्या अंगाचा शिवून खालीं दुमड ठेवली तर ती पुढल्या वर्षीं उसवतां येते. परंतु बूट दोन मापें मोठे घेऊन पुढें कापूस कोंबणें हा शुद्ध अविचार आहे. टांचेला फोड येतात, मूल पावसांत घसरतें, आणि बूट पायाला नीट बसेपर्यंत झिजलेला असतो! दप्तराचेंहि तसेंच. दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असूं नये, असा सरकारी दंडक आहे. ४० किलो वजनाच्या मुलाला तें ४ किलोंहून जड नको. मग रिकामें असतांच दीड किलो भरणारें, चकचकीत चापांचें दप्तर महाग घेण्यांत काय अर्थ? त्या घरांत गेल्या वर्षाच्याच दप्तराची उसवलेली पट्टी मोच्याकडून शिवून घेतली.

तरीहि मुलगा कांहींसा हिरमुसला होता. बहिणीचीं पुस्तकें, जुनें दप्तर, शिवलेल्या वह्या. त्याचें म्हणून असें कांहींच नव्हतें. ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती वडिलांच्या. त्यांनीं त्याला एकट्याला दुकानांत नेलें आणि एक वस्तु स्वतः निवडावयास सांगितली. घरीं धड कंपासपेटी असूनहि त्यानें नवी कंपासपेटीच निवडली. ती थोडी महाग होती. घरीं आल्यावर आईनें किंमत वाचली, क्षणभर थांबली, आणि जुनी पेटी उचलून मुकाट्यानें कपाटांत ठेवली.