दोनदा आली, दोनदा गेली : शेव्हरोले मोटारीची कहाणी

बडोद्याचे सयाजीगंज हा स्टेशनाच्या दाराशीच वसलेला भाग. जवळच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा घुमट, पलीकडे सयाजीबाग आणि मधल्या रस्त्यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत रिक्षा, बसगाड्या व मोटारी यांची अखंड वर्दळ. या वर्दळीत अधूनमधून एखादी जुनी मोटार अशी दिसते की, तिच्या तोंडावर बो-टायच्या आकाराची सोनेरी खूण असते. ती खूण शेव्हरोले या अमेरिकन मोटारीची. गाडी रस्त्यावर आहे, मालक तिच्यात बसून कामाला जातो आहे; परंतु तिची भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली. अधिक नवलाची गोष्ट ही की, यांपैकी पुष्कळशा गाड्या सातासमुद्रांपलीकडून आलेल्या नाहीत. बडोद्यापासून चाळीसेक किलोमीटरांवर, पावागडाच्या पायथ्याजवळील हालोल येथे त्या तयार झाल्या.

शेव्हरोले भारतात दोनदा आली आणि दोनदा गेली. कंपनीने आपला कारखाना दोन्ही वेळा बंद केला. पण विकलेल्या गाड्या काही तिला परत नेता आल्या नाहीत. त्या मालकांजवळच राहिल्या. मोटार विकत घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न या कहाणीतून आपोआपच उभा राहतो.

ज्याच्या नावाने ही मोटार ओळखली जाते, त्या लुई शेव्हरोलेचा जन्म २५ डिसेंबर १८७८ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, स्वित्झर्लंडमध्ये झाला. अमेरिकेत जाऊन तो मोटारींच्या शर्यतींत नावारूपास आला. विल्यम ड्युरंट हा महत्त्वाकांक्षी व्यापारी तेव्हा जनरल मोटर्समधून बाहेर पडलेला होता. शर्यतवीराचे नाव आणि व्यापाऱ्याची बुद्धी यांची जोड होऊन नोव्हेंबर १९११ मध्ये डेट्रॉइट येथे शेव्हरोले कंपनी स्थापन झाली. तथापि दोघांचे फार काळ पटले नाही. लुईला उंची व वेगवान मोटार हवी होती, तर ड्युरंटला सामान्यांच्या खिशाला परवडणारी. काही वर्षांतच लुई बाहेर पडला. मात्र त्याचे नाव कंपनीकडेच राहिले. पुढे त्या नावाच्या लाखो मोटारी जगभर विकल्या गेल्या. लुईला मात्र १९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर उतारवयात त्याच कंपनीत साधी नोकरी पत्करावी लागली. १९४१ साली तो निवर्तला.

ड्युरंटचा हिशेब व्यवहाराच्या दृष्टीने अचूक ठरला. '४९०' या नावाची मोटार त्याने काढली आणि तिची किंमतही ४९० डॉलरच ठेवली. १९१८ साली शेव्हरोले ही जनरल मोटर्सची एक शाखा झाली. त्यानंतर आल्फ्रेड स्लोन याने प्रत्येक ऐपतीच्या गिऱ्हाइकासाठी एकेक मोटार ठरवून दिली. सर्वांत वर कॅडिलॅक, सर्वांत खाली शेव्हरोले. खालच्या पायरीवरची ही मोटार १९२७ साली विक्रीत फोर्डच्याही पुढे गेली. १९२९ च्या मॉडेलसाठी सहा सिलिंडरांचे एंजिन आले. त्याचे बोल्ट घरातल्या शेगडीच्या बोल्टांसारखे साधे दिसत, म्हणून अमेरिकेत त्याला शेगडीवरूनच टोपणनाव पडले. नाव थट्टेचे होते, परंतु एंजिन मोठे टिकाऊ निघाले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चालल्या.

हीच मोटार १९२८ साली मुंबईत आली. जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि शिवडीत त्यांची मोटार उभी राहत असे. या कारखान्यातून नुसत्या खाजगी मोटारीच नव्हे, तर मालमोटारी आणि बसगाड्यांच्या चौकटीही बाहेर पडू लागल्या. डॉक्टर, वकील, व्यापारी आणि संस्थानिक हे मोटारींचे गिऱ्हाईक होते. प्रवासी वाहतूक करणारे मात्र चौकट घेत आणि तिच्यावर सुताराकडून लाकडी सांगाडा चढवून घेत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठीही शेव्हरोले मालमोटारींचा मोठा उपयोग झाला.

मराठी माणसाच्या आठवणीत या घराण्याची आणखी एक गाडी आहे, पण तिचे मूळ फारसे कोणाला ठाऊक नसते. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली बस धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. इंग्लंडमधील लूटन येथे आधी शेव्हरोले मालमोटारींची जुळणी होत असे. त्यातूनच १९३१ साली बेडफर्ड हे निराळे नाव जन्मास आले. खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या त्या लाल डब्याच्या पूर्वजांत शेव्हरोलेही आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाचे धोरण बदलले. परदेशी भाग आणून त्यांची नुसती जुळणी करणे पुरेसे नाही, येथे कारखाना चालवावयाचा तर मोटारीचे भागही क्रमाक्रमाने येथेच बनविले पाहिजेत, अशी भूमिका सरकारने घेतली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर ती पक्की झाली. तेवढ्या लहान बाजारासाठी एवढे भांडवल गुंतविणे जनरल मोटर्स व फोर्ड यांना परवडण्यासारखे वाटले नाही. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. मैदान देशी उद्योजकांसाठी मोकळे झाले. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी मुंबईत होती. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ साली निघाली, तिचे पहिले काम बडोदे संस्थानच्या ओखामंडळातील ओखा बंदरावर सुरू झाले आणि नंतर ती बंगालमध्ये उत्तरपाडा येथे गेली.

कारखाना गेला, पण शेव्हरोले गाड्या लगेच नाहीशा झाल्या नाहीत. पुष्कळशा मालकांनी त्या जिवापाड जपल्या. याचे कारण त्या गाड्यांच्या बांधणीतच होते. एंजिन उघडे, सुटसुटीत. कार्बुरेटर, डायनॅमो, स्पार्क प्लग हे सारे डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे. एखादा भाग झिजला तर मिस्त्री तो लेथवर घडवीत असे किंवा दुसऱ्या गाडीचा भाग थोडा कानशीने घासून बसवीत असे. असाच प्रकार क्यूबा बेटावर घडला. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी व्यापार तुटला आणि तेथील शेव्हरोले गाड्यांना नवे भाग मिळेनासे झाले. तरीही हवानाच्या रस्त्यांवर त्या गाड्या साठ वर्षांनंतरही टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. कित्येकींत मूळ एंजिनाच्या जागी भलत्याच देशाचे डिझेल एंजिन बसविलेले होते. कंपनी पाठीशी नसतानाही मोटार चालू शकते, मात्र ती मिस्त्रीच्या हाताला समजली पाहिजे, हे यावरून दिसून येते.

दुसऱ्या आगमनाची कथा बडोद्याच्या अंगणात घडली. १९९४ साली जनरल मोटर्सने हिंदुस्तान मोटर्सशी भागीदारी केली आणि हालोल येथील कारखान्यातून ओपेल ॲस्ट्रा ही मोटार बाहेर पडू लागली. ओपेल हे तिचे जर्मन अपत्य. १९९९ मध्ये भागीदाराचा वाटा घेऊन कंपनी कारखान्याची पूर्ण मालक झाली. पुढे २००३ साली शेव्हरोले हे नाव पुन्हा भारतात आले. ऑप्ट्रा, टवेरा, ॲव्हिओ, स्पार्क, क्रूझ, बीट अशी एकामागून एक मॉडेले निघाली. २००८ साली पुण्याजवळ तळेगाव येथे दुसरा कारखाना उभा राहिला. हालोल व तळेगाव यांमुळे गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील किती तरी घरांची चूल या नावावर पेटू लागली.

वास्तविक, या नव्या शेव्हरोलेंत अमेरिकन असे थोडेच होते. टवेराची बांधणी इसुझू या जपानी कंपनीच्या गाडीवरून घेतलेली होती. ऑप्ट्रा आणि स्पार्क या मुळात कोरियातील देवू कंपनीच्या. देवूची मॅटिझ १९९८ पासून भारतात विकली जात होती. देवू कंपनी बुडाली, तिचा मोटारींचा धंदा २००२ साली जनरल मोटर्सने घेतला आणि त्याच मॅटिझचे सुधारलेले रूप २००७ मध्ये स्पार्क या नावाने पुन्हा आले. मॅटिझचे मालक एकदा पोरके झाले होते. त्याच घराण्याची गाडी नव्या खुणेने घेणाऱ्यांवर दहा वर्षांनी तीच वेळ आली. नाव बदलले तरी गिऱ्हाइकाचे नशीब तेच राहिले.

मालकांचा अनुभव मात्र एकरंगी नव्हता. टवेरा ही मोठ्या कुटुंबांची आणि भाड्याच्या गाड्या चालविणाऱ्यांची आवडती होती. लग्नाचे वऱ्हाड असो, शिर्डीची वा पावागडची यात्रा असो, आठ-नऊ माणसे सामानासह तिच्यात बसत. स्पार्क ही गल्लीबोळांत सहज वळणारी. नोकरदार घरात आलेली पहिलीच मोटार अनेकदा तीच असे. ऑप्ट्रा व क्रूझ यांच्या भक्कम बांधणीची आणि ऐसपैस बैठकीची स्तुती त्यांचे मालक आजही करतात. तक्रार असे ती मुख्यतः भागांची किंमत व पुनर्विक्रीचा भाव यांबद्दल.

विश्वासाला पहिला मोठा तडा २०१३ साली गेला. टवेरा गाड्या धुराविषयीच्या सरकारी निकषांत बसत नसल्याचे कंपनीने स्वतःच मान्य केले आणि जुलै महिन्यात सुमारे १ लाख १४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. जुलै २०१५ मध्ये कंपनीने हालोलचा कारखाना बंद करण्याचे ठरविले. त्याच वेळी भारतात १ अब्ज डॉलरची नवी गुंतवणूक करण्याची घोषणाही केली. या घोषणेवर विसंबून कित्येकांनी गाड्या घेतल्या असतील. एप्रिल २०१७ मध्ये हालोलचे उत्पादन थांबले आणि मे महिन्यात कंपनीने जाहीर केले की, वर्षअखेरीस भारतातील विक्रीच बंद होणार. तळेगावहून निर्यातीसाठी गाड्या बनत होत्या, तेही काम डिसेंबर २०२० मध्ये संपले. हालोलचा कारखाना चीनच्या सैक कंपनीने घेतला व २०१९ पासून तेथे एमजी नावाच्या गाड्या बनू लागल्या. तळेगावचा कारखाना ह्युंदाईकडे गेला.

यंत्रशाळेला नवा धनी मिळाला, जमिनीला मिळाला. गिऱ्हाइकाला मात्र तो मिळत नसतो. हमी पाळू, दुरुस्ती करू, सुटे भाग पुरवू, असे आश्वासन कंपनीने जाताना दिले होते, आणि ही सोय चालूही राहिली. पण विक्रीची दुकाने बंद झाली की दुरुस्तीच्या जागाही हळूहळू विरळ होतात. परवा पंधरा लाखांस घेतलेल्या गाडीला आज गिऱ्हाईक काय देईल, ही चिंता मालकाला लागते. काच फुटली किंवा दिवा मोडला, तर भाग येईपर्यंत गाडी दारात उभी राहते. कोणी दुसऱ्या शहरातून भाग मागवितो, कोणी भंगारातील गाडीचा काढून घेतो, कोणी ओळखीच्या मिस्त्रीवर भिस्त ठेवतो. दुसऱ्या बाजूस, भाव घसरल्यामुळे एरवी ज्याच्या आवाक्यात क्रूझ कधी आली नसती, असा मनुष्य ती जुनी विकत घेऊन आनंदाने वापरतो, हेही तितकेच खरे.

१९५४ चा आणि २०१७ चा मालक यांच्यात एक मोठा फरक आहे. जुन्या गाडीचे दुखणे मिस्त्रीला एंजिनाच्या आवाजावरून कळे. नव्या गाडीचे दुखणे संगणकाला विचारावे लागते. संगणकाची भाषा कंपनीजवळ असते आणि कित्येक भागांवर लेथ चालत नाही. म्हणून कंपनी निघून गेल्याचा फटका आता अधिक बसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले; साणंदचा तिचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. एकाच राज्यात पाच वर्षांच्या आत दोन अमेरिकन मोटारींचे मालक असे मागे राहिले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागील विचार आहे आणि त्यात मोटारींचाही समावेश आहे. आरंभ म्हणून ते स्वागतार्ह आहे. परंतु कंपनी देश सोडून गेल्यावर भाग किती वर्षे व कोणी पुरवावयाचे, हे गाडी विकत घेतानाच कागदावर स्पष्ट असले पाहिजे.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. राजेरजवाड्यांच्या त्या गाड्या चकचकीत पुसून ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांना जपणारे धनिक आहेत, त्यांचे भाग घडवून देणारे कारागीर आहेत. सयाजीगंजातल्या स्पार्कला ते भाग्य नाही. तिचा मालक हौशी संग्राहक नाही. त्याला उद्या सकाळी मुलांना शाळेत सोडून वेळेवर कामावर पोहोचावयाचे आहे. त्याने पैसे मोजले ते नुसत्या लोखंडासाठी आणि रबरासाठी नव्हेत. बिघडलेली गाडी पुन्हा चालू होईल, या विश्वासासाठीही मोजले. तो विश्वास जी कंपनी पुरा करील तिचेच नाव गिऱ्हाईक सांभाळील, मग ती देशी असो वा परदेशी. तोवर सयाजीगंजातला मिस्त्री बॉनेट उघडून उभा आहे, आणि सोनेरी खुणेची ती गाडी उद्याही सुरू व्हावी म्हणून तो आपल्यापरीने खटपट करीत आहे.