मेळाव्यात नेमकं काय मागायचं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नगरच्या मुकुंदनगरमध्ये आम्ही काही जण दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवतो. एका खोलीत सहा माणसं राहत असतील, तर पोरांनी रात्री अभ्यासाला बसायचं कुठे? एवढ्या साध्या प्रश्नातून ती सुरू झाली. तिच्यासाठी कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मदत कशी मिळाली, ते सांगतो.

पहिल्या वर्षी मी सपशेल फसलो. जेवणाआधी माइक मिळाला. २००६चा सच्चर अहवाल, समाजाचं मागासलेपण, सगळं वीस मिनिटं सांगितलं. टाळ्या पडल्या, पण रुपया आला नाही. छापून नेलेली पत्रकं ताटांखाली सापडली. एसटीनं परतताना बॅचमेट्सचा राग येत होता. चूक माझी होती, हे नंतर कळलं. नुसतं ‘मदत करा’ म्हटलं, तर समोरच्यानं नेमकं करायचं काय?

पुढच्या वर्षी माइक घेतला नाही. जेवताना सहा जणांशी बोललो आणि प्रत्येकाकडे एकच गोष्ट मागितली. एकाकडे ऑफिसातून निघणारे जुने लॅपटॉप, एकीकडे रविवारी दोन तास ऑनलाइन गणित, सीए मित्राकडे हिशेबतपासणी, एकाकडे सहा महिन्यांचं लाइटबिल. चौघे हो म्हणाले. पैसे नंतर आले, तेही अभ्यासिका बघून गेलेल्यांकडून.

एकानं विचारलं, “हे फक्त तुमच्या लोकांसाठी का?” लागलं मनाला. पण चिडलो नाही. म्हटलं, “वस्ती मुस्लिम आहे म्हणून मुलं बहुतेक मुस्लिम आहेत. दार सगळ्यांना उघडं आहे. येऊन रजिस्टर बघ.” तो आला. आज भौतिकशास्त्र तोच शिकवतो. हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या.

मागायला लाज वाटते? अलीगढच्या कॉलेजात १८९० मध्ये साहिबजादा आफताब अहमद खान यांनी ‘अंजुमन-उल-फर्ज’ काढली. गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी तिथली मुलं सुट्टीत गावोगाव वर्गणी मागत. अंजुमनच्या नावातच ‘फर्ज’ होतं. आपल्या नगरात १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी ‘स्नेहालय’ सुरू केलं, तेव्हा तेही तरुणच होते.

आता कागदपत्रं. संस्थेची नोंदणी, पॅन, संस्थेच्याच नावाचं बँक खातं आणि ८०-जी. स्वतःच्या खात्यावर किंवा यूपीआयवर देणगी घेऊ नका, मित्र कितीही जवळचा असो. नव्या करप्रणालीत ८०-जीची सवलत मिळत नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ असं सरसकट सांगू नका. काही कंपन्या कर्मचाऱ्यानं दिलेल्या देणगीइतकी रक्कम स्वतः घालतात. मित्राला एचआरकडे चौकशी करायला सांगा. कंपनीचा सीएसआर निधी हवा असेल, तर सीएसआर-१ नोंदणी लागते.

परदेशातल्या मित्रांबाबत जपून. भारतीय नागरिक असलेला मित्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. त्यानं नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ती परकीय देणगी ठरते. एफसीआरएच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही.

आपल्या बऱ्याच संस्थांना रमजानमध्येच मागायची सवय आहे. जकात कोणावर खर्च करायची हे ठरलेलं असतं. मेळाव्यातल्या देणगीचा हिशेब तिच्यात मिसळू नका.

आणि मेळावा संपला की खरं काम सुरू होतं. आठवडाभरात प्रत्येकाला फोन करा. तीन महिन्यांनी, न मागता, एक पान हिशेब आणि एक फोटो पाठवा. फोटोआधी मुलांची आणि पालकांची परवानगी घ्या. मुलांची गरिबी दाखवून पैसे गोळा करायचे नाहीत.

गेल्या वर्षी अभ्यासिकेतली एक मुलगी डिप्लोमाला गेली. तिच्या कॉलेजचाही पुढे मेळावा होईल. तिथे ती मागणाऱ्यांत असेल किंवा देणाऱ्यांत, मला दोन्ही चालेल.