फी भरण्याआधी कॉलेज बघून या

आज शेळीपालन नाही, मसाला उद्योग नाही, कर्जफेडही नाही. निकाल लागलेत. गेले पंधरा दिवस कुठल्याही गटाच्या बैठकीला जा, बचत गोळा व्हायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "ताई, पोरीला कुठं घालू?" कळंब तालुक्यातल्या गटांचं समन्वयाचं काम आम्ही करतो, म्हणजे हा प्रश्न रोज आमच्यापुढे येतो. म्हणून आज त्यावरच बोलू. सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करावी लागेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या काकूंची मुलगी आर्ट्समधून बारावी झाली, ५८ टक्के. तिला नर्स व्हायचं होतं. स्टँडसमोर एक बोर्ड लागला होता: नर्सिंग प्रवेश सुरू, एक वर्षाचा कोर्स, नोकरीची हमी. त्या नंबरवर फोन केला, तर दुसऱ्याच दिवशी एक माणूस घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, चारच जागा उरल्यात. फी ६०,००० रुपये. २०,००० काकूंनी शेळ्या विकून उभे केले. ४०,००० गटाने दिले, शेकडा दोन टक्क्यांनी. ठराव आम्हीच लिहिला. मुलीच्या शिक्षणासाठी म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर झाले, सगळ्यांना बरं वाटलं. कॉलेज मात्र एकीनेही पाहिलं नव्हतं.

कॉलेज म्हणजे दुकानांच्या वरच्या दोन खोल्या. वर्षाच्या शेवटी सोनेरी काठाचं सर्टिफिकेट मिळालं. पुढे भरतीची जाहिरात निघाली, पोरीने अर्ज काढला, तर त्यात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितलेला. तो नव्हता. मिळणारही नव्हता, कारण कौन्सिलच्या यादीत ती संस्थाच नव्हती. एका खासगी दवाखान्यात महिना साडेचार हजारांवर ठेवली, काम झाडणं-पुसणं. काकूंनी गटाचा एकही हप्ता चुकवला नाही. आम्हाला त्याचीच जास्त लाज वाटली.

आता हे पक्कं ध्यानात ठेवा. एक वर्षात कुणी नोंदणीकृत नर्स होत नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, त्यात बायोलॉजी हवं, आणि सीईटी द्यावी लागते. पण एएनएमला आर्ट्सची मुलगीही जाऊ शकते. म्हणजे काकूंच्या पोरीला सरळ रस्ता होता. आम्ही चौकशीच केली नाही.

त्या दिवसापासून आम्ही कुठल्याही कॉलेजात गेलो की पहिला प्रश्न हाच टाकतो: "शेवटची परीक्षा कोण घेतं आणि सर्टिफिकेट कोण देतं?" बीए, बीकॉम, बीएस्सी असेल तर उत्तर विद्यापीठाचं नाव यायला पाहिजे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातली कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची, लातूरची नांदेडच्या विद्यापीठाची. डिप्लोमा इंजिनिअरिंग किंवा डी फार्मसी असेल तर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ. फार्मसीला फार्मसी कौन्सिलची मान्यता लागते, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची, बीएडला एनसीटीईची. या सगळ्यांच्या याद्या मोबाइलवर बघता येतात. शाळेतली कुठलीही पोरगी काढून देईल. समोरचा जर म्हणाला, "आमचीच संस्था परीक्षा घेते," तर पिशवी उचला आणि निघा. चहा आला असेल तरी निघा.

दुसरी फसगत जरा बारीक आहे, आणि त्यात शिकलेलेही सापडतात. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी माफ होती. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती वेगळी आहेच. पण ही माफी कुणाला? जिची सीट सरकारच्या प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, लागली तिला. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला तर माफी नाही. आता तो घरी येणारा माणूस काय म्हणतो? "फेऱ्याबिऱ्यांच्या भानगडीत पडू नका, डायरेक्ट ॲडमिशन करून देतो." एका वहिनींनी असंच करून घेतलं. पोरीला मार्क चांगले होते, फेरीत थांबली असती तर सीट लागण्यासारखी होती. आता फी पूर्ण भरतायत, वर त्या माणसाचे वेगळे.

आणि फी माफ म्हणजे शिक्षण फुकट, असंही समजू नका. खोली, मेस, पुस्तकं, ड्रेस, जाणं-येणं हे सगळं आपल्यालाच. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीला एसटी फुकट असते. त्यामुळे डिग्रीला गेल्यावर बसलाही पैसे लागतात, हे आयांच्या डोक्यातच नसतं. विद्यार्थी पास काढला तर भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात काम होतं, पण तो दर महिन्याला काढावा लागतो. आम्ही आता कर्जाचा ठराव लिहिण्याआधी वहीच्या मागच्या पानावर पूर्ण वर्षाचा खर्च मांडतो. खोलीचे १,५०० आणि मेसचे २,८०० धरले तरी दहा महिन्यांचे ४३,००० होतात. हा आकडा पाहून एकदा एक बाप खाली बसला होता. पण जूनमध्ये खाली बसलेला बरा. डिसेंबरात पोरगी शिक्षण सोडून घरी आली तर काय करणार?

ज्यांना खोली परवडत नाही त्यांनी समाजकल्याणच्या किंवा आदिवासी विकासच्या वसतिगृहाचा अर्ज वेगळा भरायचा असतो. कॉलेजात प्रवेश झाला म्हणजे तो अर्ज आपोआप होत नाही. तिथे जागा नाही मिळाली तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसे खात्यावर येतात. येतात, पण उशिरा येतात. त्यावर पहिल्या महिन्याची मेस ठरवू नका.

कागदांचं फार लांबवत नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर. यातले बहुतेक सेतूत होतात. जात वैधता प्रमाणपत्राला मात्र महिने लागतात; मुलगी अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत तो अर्ज घाला. नॉन क्रिमिलेअरवरची मुदतीची तारीख वाचा. आधारवरचं नाव आणि टीसीवरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का बघा. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो, एकदा भरला की झालं असं नाही. आणि हात जोडून सांगतो, अर्जात मोबाइल नंबर घरचा द्या, तोही घरात राहणारा. मागच्या साली एकीने नवऱ्याचा नंबर दिला. नवरा कोयता घेऊन कारखान्यावर. ओटीपी तिकडे, पोरगी इकडे कॅफेत. दोन दिवस त्यातच गेले.

अकरावीचंही आता तसंच झालंय. २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन आहेत. दहापर्यंत कॉलेजं पसंतीने लिहिता येतात. पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला नंबर हा गंमत म्हणून लिहायचा नाही. हा क्रम कॅफेतल्या पोरावर सोडू नका. त्याला गिऱ्हाइकं उरकायची असतात, तो वरून खाली टिकटिक करत जातो. मागे एकीला असं कॉलेज लागलं की सकाळची बस सहाला आणि परतीची सातला. घरून कागदावर क्रम लिहून न्या आणि शेजारी उभं राहून तसाच भरून घ्या.

हा क्रम लिहायचा कशावरून? तर बघून. कॉलेज बघायला जायचं. आम्ही आता तिघी जातो: मुलगी, तिची आई आणि गटातली एक. मुलगी रोज ज्या बसने जाणार त्याच बसने, त्याच वेळेला. रविवारी नाही. कॉलेज चालू असतानाचा वार धरायचा. सुट्टीत सगळीच कॉलेजं छान दिसतात. शिपाई फाटकात अडवतो, "काय काम आहे?" म्हणतो. प्रवेशाची चौकशी करायची आहे, असं सरळ सांगायचं. त्यात भीक मागितल्यासारखं काही नाही.

आत गेलं की आधी मुलींचं स्वच्छतागृह बघा. पाणी आहे का, कडी लागते का. हसू नका, पाण्यावाचून दिवसभर पोट आवळून बसणाऱ्या पोरी आम्ही पाहिल्यात. मग प्रयोगशाळा. कुलूप असेल तर कुलपावरची धूळ बघा. एका कॉलेजात नाव ज्युनिअर सायन्सचं, वर्गात मुलं नऊ. बाकीची कुठे तर लातूरला क्लासला. लातूर पॅटर्नचं नाव मोठं आहे, त्याबद्दल तक्रार नाही; पण तो खर्च दोन घरांचा असतो, कॉलेजाचा एक आणि क्लासचा एक. तो झेपणारा नसेल तर ज्या कॉलेजात मास्तर रोज वर्गात येतात तेच आपल्या कामाचं, मग नाव लहान का असेना. सरांना विचारून हे कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. झाडाखाली डबा खात बसलेल्या असतात, त्यांच्याजवळ बसा, आपला डबा काढा. अर्ध्या तासात सगळं कळतं: कुठल्या विषयाला शिक्षकच नाही, शेवटचा तास झाला की बस मिळते का, स्टँडपासून येताना कुठे त्रास होतो, तक्रार केली तर कुणी ऐकतं का.

या बघण्यानेच एका मुलीचं सगळं बदललं. दहावीला ८१ टक्के. घरचे म्हणत होते अकरावी सायन्स, मग नीट. पोरगी गप्प. बसमध्ये आमच्याजवळ बोलली, "मला बायोलॉजी आवडत नाही. मला वायरिंगचं आवडतं." मोटर जळाली की बापाच्या आधी तीच उघडून बसायची, हे आईलाही माहीत होतं, पण त्याचं शिक्षण असतं हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा असतो, दहावीच्या मार्कांवर ऑनलाइन प्रवेश होतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. लातूरला तर मुलींसाठीच शासनाचं निवासी तंत्रनिकेतन आहे. तासगावला आणि यवतमाळलाही आहे. लांब आहे म्हणून बाप नाही म्हणत होता. तिच्या आईने त्याला स्वतः नेऊन फाटक, वसतिगृह, रेक्टर बाई दाखवल्या. परत येताना तो एवढंच म्हणाला, "कुंपण उंच आहे." ती आता इलेक्ट्रिकलला आहे.

खरं सांगायचं तर ही लांबची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. पण "कॉलेज लांब" या दोन शब्दांवर आमच्या भागात कितीतरी पोरींचं लग्न ठरतं. त्या कॉलेजला घरातलं कुणी गेलेलं नसतं. जाऊन बघितलं आणि खरंच सोयीचं नसलं, तर दुसरं शोधता येतं. न बघता नाही म्हटलं की पुढचं स्थळ तयारच असतं.

पैशांचं एक राहिलं. आमच्या ग्रामसंघाने नियम केलाय: शिक्षणाचं कर्ज रोख हातात नाही. कॉलेजच्या नावाच्या खात्यावर जाणार, आणि त्याच नावाची पावती बैठकीत ठेवायची. मूळ मार्कशीट आणि टीसी यांच्या पाच-पाच झेरॉक्स आधी काढा. पदवी कॉलेजांना मूळ मार्कशीट, सर्टिफिकेटं ठेवून घेता येत नाहीत, तपासून परत द्यायची असतात, असा यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. प्रवेश वेळेत रद्द केला तर फी परत करण्याचाही नियम त्यातच आहे. "कागद आमच्याकडे राहतील" म्हणाले, तर हा नियम दाखवा.

काकूंच्या पोरीचं काय झालं, हे विचाराल. मागच्या साली तिने पुन्हा अर्ज भरला, मान्यता असलेल्या ठिकाणी, एएनएमला. गटापुढे पुन्हा कर्जाचा विषय आला तेव्हा आवाज चढले. "एकदा बुडाले, परत तेच?" असं एक जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं आम्हाला म्हणता येईना. तास-दीड तास चाललं. शेवटी काकूच उठल्या आणि म्हणाल्या, "मागचे बुडाले नाहीत, मी फेडलेत." कर्ज मंजूर झालं. त्याच जाऊबाई कॉलेज बघायला सोबत गेल्या आणि कौन्सिलच्या यादीतलं नाव स्वतः बोट ठेवून वाचून आल्या. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, सरकारी दवाखान्यात ड्युटीला जाते. घरी आली की वाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या बीपी मोजायला दारात बसलेल्या असतात.

ज्यांच्या मुलींचे अर्ज भरायचे आहेत त्यांनी येत्या बैठकीला मुलीला सोबत आणा, तिचे कागद पिशवीत घालून आणा, आणि घरचा चालू मोबाइल आणा. ज्यांना कॉलेज बघायला जायचंय त्यांनी गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्या. सकाळच्या बसने जाऊ. डबा ज्याचा त्याने आणायचा.