कान गेले, पण हात थांबले नाहीत

आज आम्ही सांगणार आहोत चित्रकार सतीश गुजराल यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १९२५ सालचा, झेलमचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. आठ वर्षांचे असताना काश्मीरमध्ये ते पुलावरून पाण्यात पडले. पायाला दुखापत झाली आणि त्या आजारपणात कानही गेले. ऐकू न येणाऱ्या मुलाला शाळा घेईनात. अंथरुणावर पडल्या पडल्या पोर पुस्तकं वाचायचं, चित्रं काढायचं. घरच्यांनी ते पाहिलं आणि १९३९ साली त्याला लाहोरच्या कलाशाळेत घातलं.

१९४४ साली ते आपल्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेत आले. तब्येतीमुळे १९४७ साली शिक्षण अर्धवट सुटलं. त्याच वर्षी फाळणी झाली. माणसांचे जे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले, ते चित्रांत उतरले. १९५२ साली शिष्यवृत्तीवर ते मेक्सिकोला गेले. पुढे भित्तिचित्रं केली, शिल्पं केली. वास्तुकलेचं रीतसर शिक्षण नसताना दिल्लीतल्या बेल्जियमच्या दूतावासाची इमारत त्यांनी उभी केली. १९९९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २०२० साली ते गेले.

स्पेनचा गोया हा चित्रकारही मोठेपणी आजारात बहिरा झाला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली त्याची गाजलेली चित्रं त्यानंतरची आहेत.

आता आपल्या वाडीकडे बघूया. ऐकू न येणारं मूल असलं की आपण म्हणतो, 'त्याका काय कळता?' आणि त्याला घरीच ठेवतो. पण रापण ओढताना समुद्राच्या गाजेत हाक पोचत नाही, तेव्हा आपणही हातानेच खुणावतो ना? खुणेची भाषा ही भाषाच आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी, गंजिफा रंगवायला नजर आणि हात लागतात, कान नाही.

म्हणून बायांनो, बाळ आवाजाला दचकत नसेल, वर्ष-दीड वर्षाचं होऊनही बोलत नसेल, कान वाहत असेल, तर थांबू नका. आशाताईंना, अंगणवाडीताईंना सांगा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीची आणि दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

पुढच्या बैठकीत आपल्या गटाने एवढंच विचारावं: आपल्या वाडीतलं असं कुठलं मूल शाळेबाहेर आहे? नाव निघालं की दोघींनी त्या घरी जायचं.