घागर भरलेलीच आहे

नर्सरीतून हौसेनं आणलेलं एकेव्हेरिया किंवा हावर्थियासारखं रसाळ पानांचं झाड बहुधा आपल्या मायेपोटीच दगावतं. तुळशीसारखं याला रोज पाणी नको. साठा पानांतच असतो. कुंडीत बोट दोन पेरं खुपसा. माती पार कोरडी लागली, तरच भरपूर पाणी द्या आणि तळाच्या भोकातून निथळू द्या. पान सुरकुतलं तर झाड तहानलंय; पिवळट, पारदर्शक, लिबलिबीत झालं तर पाणी जास्त झालंय. नर्सरीतलं कोकोपीट ओल धरून ठेवतं, म्हणून आठवड्याभरानं मातीत निम्मी जाड वाळू आणि विटेचे तुकडे मिसळून झाड त्यात हलवा. ऊन हळूहळू वाढवा. आणि कोकणातला पाऊस? जूनआधीच कुंडी पागोळ्यांखालून आत घ्या.