तापाच्या आधीचा आठवडा



परिषदेच्या अध्यक्षानं आधी यजमान गावाचं कौतुक करावं, अशी रीत आहे. पालघरजवळच्या शिरगावचा किल्ला आणि समुद्र तुम्ही सकाळीच पाहून आलात, म्हणून मी तुम्हाला उलट दिशेला, जव्हार-विक्रमगडच्या डोंगरांकडे नेतो. आपले कितीतरी रुग्ण तिकडून येतात. राबासाठी टहाळ तोडणारे, सरपणाची मोळी आणणाऱ्या, मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचणाऱ्या, वनखात्याच्या कामावर रोजंदारीनं जाणारे. केसपेपरवर आपण डॉक्टर नाव, वय, गाव लिहितो. कामाच्या जागी फार तर ‘मजुरी’. आज माझं भांडण या ‘मजुरी’शी आहे.

माकडतापाचं उदाहरण घ्या. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासची माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रानं तो विषाणू शोधला, गोचिडीचा माग काढला. पुढं कितीतरी वर्षं ‘तो शिमोग्याकडचा आजार’ म्हणून आपण निवांत होतो. 2012च्या अखेरीस बंदीपूरला मेलेली माकडं हाताळणारे वनकर्मचारी आजारी पडले. 2015 साली गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 साली आपल्या दोडामार्गात रुग्ण सापडले.

दोडामार्गात काय घडतं ते नीट बघा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोचिडीची पिल्लं पातेऱ्यात असतात, खसखशीच्या दाण्याएवढी. चावलेलं कळतही नाही. नेमका तोच काजूचा हंगाम. बी वेचायला वाकायचं, पातेरा लोटायचा, गोठ्यात अंथरायला भारे बांधून घरी न्यायचा. ताप येतो तीन ते आठ दिवसांनी. तोवर माणूस बाजार करून, पाहुण्यांकडे राहून आलेला असतो आणि दवाखान्यात तेवढंच सांगतो. रान तो सांगत नाही, कारण रोजचं काम कोण सांगतं? आपण मलेरिया बघतो, टायफॉइड बघतो. या तापावर नेमकं औषध नाही. शंभरातले तीन ते पाच दगावतात. पण रक्ताचा नमुना पहिल्या काही दिवसांत गेला, तर निदान होतं आणि त्या रानात जाणाऱ्या बाकीच्यांना सावध करता येतं.

दुसऱ्या काही तापांना तर औषधही आहे. गोचिडीमुळे येणारा टिक टायफस आणि चिगर माइटच्या अळीमुळे येणारा स्क्रब टायफस, दोन्ही डॉक्सिसायक्लिननं आटोक्यात येतात. गोळी स्वस्त आहे, उशीर मात्र महाग पडतो. आणि पालघरला गोचिडीच्या तापांचा विषय परका नाही. 2020च्या सप्टेंबरात गुजरातच्या काँगो तापामुळे इथल्या प्रशासनानं गुरं हाताळणाऱ्यांसाठी इशारा दिलाच होता.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे, बूट, असं आपण पत्रकात छापतो. एप्रिलच्या उन्हात हे अंगावर चढवून काजू वेचायला पत्रक लिहिणाऱ्यालाच एकदा पाठवावं! त्यापेक्षा कर्नाटकात वाटतात तसं गोचीड-प्रतिबंधक तेल हंगामाआधी हातात देणं आणि घरी आल्यावर गरम पाण्याची अंघोळ, हे जमण्यासारखं आहे.

तुमचा व्यवसाय काय, हे रुग्णाला विचारा, असं इटलीतल्या रामाझिनी या वैद्यानं 1700 साली लिहून ठेवलं. मी त्यात एक भर घालतो: गेल्या आठवड्यात रानात काय केलंत? कर्मचारी भरपाई कायद्याच्या, आणि 2025 साली त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्याही, तिसऱ्या अनुसूचीत जनावरं आणि त्यांची प्रेतं हाताळताना जडणारे संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजार म्हणून धरलेले आहेत. उद्या एखाद्या वनमजुराच्या बायकोनं दावा केला, तर पहिला कागद आपलाच मागतील. त्यावर ‘ताप, मजुरी’ एवढंच असेल, तर वकील काय दाखवणार? मोह वेचणारीला तर मालकच नाही. तिच्यासाठी हा कायदा मुका आहे. त्याबद्दलचा ठराव दुपारच्या सत्रात येतो आहे. केसपेपरच्या रकान्याला मात्र ठराव लागत नाही, तो सोमवारपासून भरता येईल.