मिलोच्या मुलखातली भाकरी
(कॅन्ससमधील मराठी मंडळात दिलेले व्याख्यान. श्रोत्यांचे प्रश्न जसे मध्ये आले तसेच ठेवले आहेत.)

मंडळी, निरोपात विषय दिला होता 'मिलेट्सचे आरोग्यदायी फायदे'. ज्वारी-बाजरी-नाचणी म्हणजे काय, हे या हॉलमध्ये कुणाला सांगायला नको. फायद्यांच्या याद्याही नकोत. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झाल्यापासून त्या तुमच्या फोनवर येऊन पडतच असतील.

शिवाय इथे आल्यापासून माझ्या डोक्यात वेगळंच घोळतंय. परवा भाचा मला गाडीनं पश्चिमेकडे घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी! कमरेएवढी, लालबुंद कणसांची, दोरी लावून कापल्यासारखी एका उंचीची. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकते ती तुमच्या या कॅन्ससमध्ये. जमिनीखालच्या ओगालाला साठ्याचं पाणी खाली चाललंय, त्यामुळे मक्याला पुरत नाही तिथे शेतकरी ज्वारी लावतो. इतकी ज्वारी भोवती असताना तुम्ही मात्र समुद्रापलीकडून आलेलं, कधी दळलं त्याचा पत्ता नसलेलं पीठ आणता, आणि भाकरी का चिरते म्हणून आईला फोन लावता.

इथला शेतकरी तिला मायलो म्हणतो. हे नाव आपल्याकडच्या साठीपुढच्या कुणाही माणसाला विचारा. 1972च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी म्हणजे 'मिलो'. मी तेव्हा शाळेत होते. दुष्काळी कामावर सुकडी आणि घरी मिलोची तांबूस भाकरी. आमची आजी ती थापताना जे बोलायची ते मंडळाच्या अंकात छापता येणार नाही. शाळूवर वाढलेल्या माणसाला ती भाकरी शिक्षा वाटायची. पण त्या भाकरीवर लोक जगले, हेही खरं.

आता या दोन ज्वाऱ्या शेजारी उभ्या करा. सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी ही मोहोळच्या संशोधन केंद्रातली निवड. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात पेरायची आणि पावसाळ्यानं मुरवून ठेवलेल्या ओलीवर काढायची. उंची पुरुषभराहून जास्त, कारण शेतकऱ्याला कणसाइतकाच कडबा हवा असतो. बैल-म्हैस त्यावरच जगते. इथल्या शेतकऱ्याला कडब्याचं काय? त्याला कंबाइन चालवायचं असतं. म्हणून बुटकेपणाची जनुकं निवडत निवडत त्यानं ताट कंबाइनच्या उंचीला आणून ठेवलं. दाणा जातो गुरांच्या खाद्याला, इथेनॉलला, नाहीतर चीनला. धान्य एकच, पण तिकडे ते ताटात पडतं आणि इकडे गव्हाणीत. शेजारच्या नेब्रास्का-कोलोरॅडोतला चेना, आपल्या भगरीचा भाऊबंद, बराचसा पाखरांच्या खाद्यात जातो. मला याचा राग येत नाही, गंमत वाटते.

(प्रश्न: म्हणजे ही लाल ज्वारी पौष्टिक नाही का?)

लाल रंग म्हणजे टॅनिन, असा समज आहे. टॅनिन असलं की प्रथिनं नीट पचत नाहीत, हे बरोबर. पण वरच्या सालीचा रंग वेगळा आणि टॅनिन वेगळं. आज अमेरिकेत विकली जाणारी जवळजवळ सगळी ज्वारी बिनटॅनिनची असते. भाकरीसाठी मात्र पांढरी घ्या, खाण्यासाठी म्हणून पिकवलेली, अख्खी मिळते. जनावरांच्या खाद्यातली नको आणि पेरणीचं बियाणं तर मुळीच नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

आता थोडं कडू बोलते. ज्वारी आणि अख्खा गहू यांचे आकडे शेजारी ठेवले, तर प्रथिनं दोन्हीकडे 10 टक्क्यांच्या आसपास, लोह दोन्हीकडे 100 ग्रॅमला 4 मिलिग्रॅमच्या आसपास आणि चोथाही उन्नीस-बीस. म्हणजे पोळी सोडून भाकरी धरली की रक्त वाढलं, असं काही होत नाही. मैद्याच्या आणि पांढऱ्या भाताच्या जागी भाकरी आली तर फरक पडतो. ग्लूटेन चालत नसेल त्याला तर ती वरदानच. लोहासाठी बाजरी बघा, ती ज्वारीच्या दीडपट-दुप्पट देते. कॅल्शियमसाठी नाचणी: 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम. एका भाकरीत अर्ध्या कप दुधाहून थोडं जास्तच. अर्थात फायटेटमुळे ते सगळं अंगी लागत नाही. मोड आणले किंवा आंबवलं की फायटेट कमी होतं. आंबील करणाऱ्या बायकांना हा शब्द माहीत नव्हता, एवढंच. बाळासाठी सत्त्व काढताना आपण फडक्यावर जे टाकून देतो, त्या सालीतही बरंच कॅल्शियम असतं. पचायला हलकं म्हणून सत्त्व चांगलं, पण कॅल्शियमसाठी सत्त्व हे गणित जमत नाही.

(प्रश्न: पूर्वीची माणसं नुसत्या ज्वारीवर धट्टीकट्टी होती ना?)

नुसत्या ज्वारीवर नाही हो. हैदराबादकडे ज्वारीवरच भागवणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसायचा: उन्हात त्वचा करपायची, जुलाब, भ्रम. हैदराबादच्या पोषण संस्थेतल्या डॉ. गोपालन आणि श्रीकंटिया यांनी 1960 साली त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिनशी जोडला. पुढे त्यावर वाद झाले. पण एकट्या भाकरीत लायसिन कमी पडतं, ते डाळ भरून काढते, यात वाद नाही. पिठलं-भाकरीला गरिबाचं जेवण म्हणतात. मी तिला हिशेबी जेवण म्हणेन.

(प्रश्न: थायरॉइडला बाजरी वर्ज्य का?)

सुदानमधल्या दार्फुरमध्ये गलगंडाचा संबंध बाजरीशी आढळला. पण तिथे जेवण म्हणजे जवळजवळ बाजरीच, आणि आयोडीन कमी. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यानं आठवड्यात चार भाकऱ्या खाल्ल्या तर ती गोष्ट वेगळी. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, मला नको. आणि मधुमेहवाल्यांनो, भाकरीच्या पिठातही बराचसा भाग पिष्टच आहे. मोजून खा.

(प्रश्न: मग पीठ कुठलं आणायचं?)

पीठ आणूच नका, दाणा आणा. घरगुती चक्की घ्या किंवा चौघींत एक घ्या. बाजरीत पाच टक्के तेल असतं, दळली की ते खवट व्हायला लागतं आणि पीठ कडू होतं. दळायची आठवड्यापुरती आणि ठेवायची फ्रीजरमध्ये. ज्वारीचं पीठ कडू नाही झालं तरी त्याची विरी जाते, मग थापताना ते हाताला दाद देत नाही. तसं पीठ घरात असेलच, तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

(प्रश्न: इथे हुरडा होईल का?)

बघा, पौष्टिकतेवरून आलो शेवटी हुरड्यावर! हुरड्याला गूळभेंडीसारखी वाणं लागतात, गोड दाण्याची आणि चोळलं की बोंडातून सहज सुटणारी. मायलोचं कणीस गच्च असतं. तरी करून बघायचं असेल, तर दाणा दुधातून चिकात जाताना, ऑगस्ट-सप्टेंबरात. आधी शेतमालकाला विचारा, आणि शेवटची फवारणी कधी झाली तेही विचारा.